एकाच संगणकावर एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या एकत्र चालवता येतील का?

उद्यमनगर_हिशेब

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचे छोटे मशीनशॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडून कास्टिंग येतात आणि आम्ही त्यांचे मशीनिंग करून माल परत पाठवतो. आलेला माल, गेलेला माल, रिजेक्शन आणि चलने या सगळ्यांची नोंद २०१० साली एका स्थानिक प्रोग्रामरने करून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये होते. ते एसक्यूएल सर्व्हर २००८ एक्सप्रेसवर, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीच्या मोफत प्रकारावर, चालते. प्रोग्रामर आता या व्यवसायात नाही आणि सोर्स कोड आमच्याकडे नाही, परंतु पंधरा वर्षांत या सॉफ्टवेअरने आम्हाला एकदाही अडवलेले नाही, त्यामुळे ते सोडण्याची इच्छा नाही.

आता एका मोठ्या ग्राहकाने तपासणी अहवाल आणि बारकोड सक्तीचे केल्यामुळे दुसरे सॉफ्टवेअर घ्यावे लागले आहे आणि त्याला एसक्यूएल सर्व्हर २०१९ लागतो. ते बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने सेटअप सुरू केला तेव्हा ‘एसक्यूएलएक्सप्रेस’ हे नाव आधीच वापरात असल्याचा संदेश येऊन काम थांबले. त्यावर त्यांचे म्हणणे असे पडले की दोन आवृत्त्या एका संगणकावर राहू शकत नाहीत, जुनी काढून टाका. मी नकार दिला आणि त्यांना परत पाठवले. शिवाय माझी मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून तिला अभ्यासासाठी डेव्हलपर एडिशन याच संगणकावर हवी आहे.

संगणकात विंडोज १० चौसष्ट बिट आणि ८ जीबी रॅम आहे, आणि नेटवर्कवरील आणखी चार संगणक त्याच्याशी जोडलेले आहेत. रोज सकाळी दहाच्या आत पहिली गाडी चलनासह बाहेर पडते, त्यामुळे एक दिवसही काम बंद ठेवणे परवडणारे नाही. तंत्रज्ञांचे म्हणणे खरे आहे का, आणि नसल्यास कोणत्या क्रमाने जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

राजारामपुरी_डेटाबेस

दादा, आपण नकार दिलात हे फार चांगले केलेत. तंत्रज्ञांचे म्हणणे बरोबर नाही. एका संगणकावर एसक्यूएल सर्व्हरचे अनेक इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती, ठेवण्याची सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आहे आणि एका संगणकावर पन्नासपर्यंत इन्स्टन्स चालू शकतात. हे इन्स्टन्स वेगवेगळ्या आवृत्त्यांचे असले तरी चालतात आणि वेगवेगळ्या एडिशनचे असले तरी चालतात. २००८, २०१९ ही आवृत्ती झाली, तर एक्सप्रेस, स्टँडर्ड, डेव्हलपर ही एडिशन झाली. आपल्या प्रश्नात हे दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट केले.

आपला सेटअप केवळ नावापाशी अडला. प्रत्येक एक्सप्रेस एडिशन स्वतःसाठी ‘एसक्यूएलएक्सप्रेस’ हेच नाव सुचवते आणि ते आपल्या जुन्या सर्व्हरने घेतलेले आहे. नव्याला ‘तपासणी२०१९’ अशा अर्थाचे, सोळा अक्षरांच्या आतले वेगळे नाव इंग्रजी लिपीत दिले, तर सेटअप पुढे जातो. नाव देताना सेटअपमध्ये अपग्रेडचा पर्याय निवडायचा नाही, नवीन स्वतंत्र इन्स्टॉलेशनचा निवडायचा. अपग्रेड निवडल्यास जुना इन्स्टन्सच बदलायला घेतला जाईल.

एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत तशी ही रचना असते. प्रत्येकाचा स्वयंपाक वेगळा, म्हणजे प्रत्येक इन्स्टन्सची सर्व्हिस, डेटाबेस, लॉगिन आणि पासवर्ड वेगळे. प्रोग्राम फाइल्समधील एसक्यूएल सर्व्हरचे फोल्डर उघडून पाहिलेत तर हे डोळ्यांना दिसेल : ‘एमएसएसक्यूएल१०.एसक्यूएलएक्सप्रेस’ हे जुन्याचे फोल्डर आहे आणि नव्याचे ‘एमएसएसक्यूएल१५’ ने सुरू होणारे वेगळे फोल्डर तयार होईल. परंतु वाड्याची विहीर आणि दिंडी दरवाजा मात्र सामाईक असतो, आणि तंटे तिथेच होतात. रॅम सामाईक आहे, नेटवर्कचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित दरवाजे, सामाईक आहेत, आणि बाहेरून आलेल्याला ‘अमुक इन्स्टन्स अमुक पोर्टवर आहे’ असे सांगणारी एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही सर्व्हिस संपूर्ण संगणकासाठी एकच असते.

रॅमचे म्हणाल तर एक्सप्रेसच्या बाबतीत फारशी चिंता नाही, कारण डेटा साठवण्याच्या बफरसाठी २००८ एक्सप्रेस १ जीबीपेक्षा आणि २०१९ एक्सप्रेस १४१० एमबीपेक्षा जास्त रॅम घेतच नाही. डेव्हलपर एडिशनला मात्र अशी मर्यादा नाही. तिची ‘मॅक्स सर्व्हर मेमरी’ आपण ठरवून दिली नाही, तर मोठी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालताच ती मिळेल तेवढी रॅम घेत जाते आणि मग चलनाचा छापा काढायला कार्यालयातील माणसे ताटकळत बसतात. ती बसवायचीच असेल तर दोन हजार एमबीवर बांधून टाका.

नव्या इन्स्टन्सचा सेटअप करताना लॉगिनच्या पडद्यावर मिक्स्ड मोड (विंडोजच्या लॉगिनसोबत एसक्यूएल सर्व्हरचे स्वतःचे लॉगिनही चालू देणारा पर्याय) निवडून ‘एसए’ या मुख्य व्यवस्थापक लॉगिनचा पासवर्ड द्यावा, कारण लहान व्यावसायिक सॉफ्टवेअर बहुधा याच लॉगिनने जोडली जातात आणि हा मोड बंद राहिला की १८४५६ क्रमांकाची चूक येते. आधी जुनी आवृत्ती आणि नंतर नवी, हा बसवण्याचा क्रमही योग्य आहे आणि आपल्याकडे तो आपोआपच साधला आहे.

हे सर्व करण्यापूर्वी जुन्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घेऊन तो पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका संगणकावर ठेवा. आणि मला दोन गोष्टी कळवा. मॅनेजमेंट स्टुडिओ या एसक्यूएल सर्व्हर हाताळण्याच्या प्रोग्राममध्ये ‘सिलेक्ट @@व्हर्जन’ चालवल्यावर आकडा १०.० ने सुरू होतो की १०.५० ने, आणि जुन्या डेटाबेसची ‘एमडीएफ’ फाइल, म्हणजे प्रत्यक्ष नोंदी असलेली फाइल, किती मोठी आहे. २००८ आणि २००८ आर-टू या दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत, आणि बोलताना लोक दोन्हींना २००८ च म्हणतात.

शाहूपुरी_लेखा

वरील सर्व सूचना योग्य आहेत, तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. दोन आवृत्त्या एकत्र चालतात म्हणून त्या वर्षानुवर्षे तशाच चालू द्याव्यात असे नाही. २००८ आणि २००८ आर-टू या दोन्हींचा मायक्रोसॉफ्टकडील आधार ९ जुलै २०१९ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या उणिवा सर्वसाधारण ग्राहकाच्या सर्व्हरवर दुरुस्त झालेल्या नाहीत, आणि आपला हा संगणक इतर चार संगणकांशी जोडलेला आहे. म्हणून ही व्यवस्था जुन्यातून नव्यात जाईपर्यंतची समजावी आणि तिला मुदत घालावी.

डेव्हलपर एडिशन या संगणकावर बसवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ती मोफत असून एंटरप्राइज एडिशनच्या सर्व सुविधा तिच्यात आहेत, परंतु तिचा परवाना केवळ विकास आणि चाचणीपुरता आहे, धंद्याच्या रोजच्या नोंदींसाठी नाही. एकदा ती शेजारी बसली की घाईच्या दिवशी कुणीतरी ‘यात आकाराची मर्यादा नाही’ म्हणून खरा डेटाबेस तिच्यावर चढवतो. पुढे तो दहा जीबीच्या वर गेला की २०१९ एक्सप्रेसवर परत आणता येत नाही आणि स्टँडर्डचा परवाना विकत घेण्यावाचून मार्ग उरत नाही. मुलीला तिच्या लॅपटॉपवर डेव्हलपर एडिशन द्या आणि आपल्या डेटाबेसची प्रत सरावासाठी हवी असेल तर ग्राहकांची नावे बदलून द्या. लॅपटॉप नवा आणि विंडोज ११ चा असेल, आणि सेटअप शेवटच्या टप्प्यावर येऊन सर्व्हर सुरूच होत नसेल, तर डिस्कच्या सेक्टरचा, म्हणजे साठवणीच्या सर्वांत लहान तुकड्याचा, आकार तपासावा. काही नव्या एनव्हीएमई डिस्क ४ केबीपेक्षा मोठा सेक्टर कळवतात आणि एसक्यूएल सर्व्हरला तो चालत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत ४ केबीचा आकार सक्तीने सांगण्याची नोंद करून संगणक पुन्हा सुरू केला की ही अडचण सुटते.

बॅकअपविषयी अनुभवाने लिहिते. २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यावरच्या कार्यालयात पाणी शिरले तेव्हा सर्व्हर आणि बॅकअपची बाह्य हार्ड डिस्क एकाच टेबलावर होत्या आणि दोन्ही एकत्रच गेल्या. एका लेखनिकाने घरी नेलेल्या पेन ड्राइव्हवर पंधरा दिवसांपूर्वीची प्रत होती, तिच्यावरून आम्ही उभे राहिलो. आपल्याकडे आता दोन इन्स्टन्स होतील, म्हणजे बॅकअपही दोन लागतील. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामे आपोआप करणारा एसक्यूएल एजंट नसतो, त्यामुळे विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून ‘एसक्यूएलसीएमडी’ या आज्ञा चालवणाऱ्या साधनाने प्रत्येक इन्स्टन्सचे काम वेगळे लावावे लागते. जुन्याचा बॅकअप चालू आहे म्हणजे नव्याचाही होत असेल, असे गृहीत धरू नका.

उद्यमनगर_हिशेब

दोघांचेही मनापासून आभार. ताई, डेव्हलपर एडिशनचा विचार मी सोडला आहे, मुलीनेही मान्य केले.

काल सायंकाळी काम संपल्यावर बॅकअप घेऊन २०१९ एक्सप्रेस वेगळ्या नावाने बसवला. जुने सॉफ्टवेअर जसेच्या तसे चालू आहे. नवे सॉफ्टवेअर सर्व्हर असलेल्या संगणकावर उत्तम चालते, परंतु तपासणी विभागातील संगणकावरून जोडताना २६ क्रमांकाची चूक येते आणि सर्व्हर किंवा इन्स्टन्स सापडत नाही असे दिसते. आपण विचारलेला आकडा १०.० ने सुरू होतो आणि फाइलचा आकार ३.७ जीबी आहे.

राजारामपुरी_डेटाबेस

आपण दिलेले दोन आकडे पाहून मला खरी काळजी वाटली, म्हणून ते आधी घेतो. १०.० म्हणजे मूळ २००८, आर-टू नव्हे. २००८ एक्सप्रेसमध्ये एका डेटाबेसच्या डेटा फाइलची मर्यादा ४ जीबी आहे. ती १० जीबी झाली २००८ आर-टू पासून. आपली फाइल ३.७ जीबीवर आलेली आहे. फाइलच्या आत काही जागा मोकळी असू शकते, तरी मर्यादा गाठली की जुन्या नोंदी दिसत राहतात आणि नवी नोंद मात्र घेतली जात नाही. म्हणजे एखाद्या सकाळी चलन तयार होणार नाही, आणि त्या वेळी कारण शोधत बसायला सवड नसेल. तेव्हा ताईंनी सांगितलेली मुदत आता महिन्यांची धरू नका, येत्या एक-दोन साप्ताहिक सुट्ट्यांची धरा. २०१९ इन्स्टन्स आपल्याकडे बसलेलाच आहे. जुना डेटाबेसही त्यावरच न्यावा.

आता २६ क्रमांकाची चूक. दुसरा संगणक नाव घेऊन विचारायला येतो तेव्हा ब्राउझर सर्व्हिस त्याला यूडीपी १४३४ या पोर्टवर उत्तर देते. ती बंद असेल किंवा फायरवॉलने तो पोर्ट अडवला असेल तर हीच चूक येते. त्यातच स्वतंत्र नाव दिलेल्या इन्स्टन्सला सुरू होताना विंडोज कोणताही मोकळा पोर्ट देत असल्यामुळे फायरवॉलमध्ये नेमका कोणता पोर्ट उघडावा हे ठरत नाही. यावर पक्का उपाय म्हणजे पोर्ट स्वतः ठरवून देणे. कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, पण २००८ सोबत आलेला नव्हे, २०१९ चा, कारण जुन्यातून नव्या आवृत्तीचा इन्स्टन्स हाताळता येत नाही. त्यात नव्या इन्स्टन्सचा टीसीपी-आयपी आधी सुरू करा, एक्सप्रेसमध्ये तो बंदच असतो. त्याच्या गुणधर्मांत सर्वांत खाली ‘आयपी-ऑल’ असा भाग आहे. तेथील ‘डायनॅमिक पोर्ट’ चा रकाना पूर्ण रिकामा करा, शून्यदेखील ठेवू नका, आणि त्याखालच्या ‘टीसीपी पोर्ट’ मध्ये १४३३१ लिहा. इन्स्टन्स पुन्हा सुरू करा आणि फायरवॉलमध्ये टीसीपी १४३३१ उघडा. आता सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचे नाव लिहून स्वल्पविराम देऊन १४३३१ लिहिले की ब्राउझरची गरजच उरत नाही. स्वल्पविरामाऐवजी अपूर्णविराम (:) देण्याची चूक बहुतेकांकडून होते, तेवढे जपा.

जुना डेटाबेस नेण्यासाठी बॅकअप आणि रिस्टोअर हाच मार्ग वापरावा. ‘एमडीएफ’ फाइल उचलून नव्या सर्व्हरला थेट जोडण्याचा मोह टाळा. नव्या सर्व्हरने फाइल हाती घेताच तिची अंतर्गत आवृत्ती २००८ च्या ६५५ वरून २०१९ च्या ९०४ वर जाते आणि नंतर जुना सर्व्हर ती उघडत नाही. नव्यावर घेतलेला बॅकअपदेखील जुन्यावर रिस्टोअर होत नाही. ही वाट एकाच दिशेची आहे, म्हणून मूळ फाइल जिथे आहे तिथेच अस्पर्श राहू द्यावी. बॅकअपपूर्वी जुन्या सर्व्हरवर ‘डीबीसीसी चेकडीबी’ ही डेटाबेस तपासणारी आज्ञा चालवा, म्हणजे आधीच बिघडलेली पाने नव्या घरी जाणार नाहीत.

रिस्टोअर झाल्यावर कम्पॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे डेटाबेस कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी चालतो तो आकडा, पाहा. ती १०० असेल तर २०१९ तीच कायम ठेवतो आणि जुन्या क्वेरी जवळजवळ पूर्वीप्रमाणेच चालतात. ती सध्या ८० असेल, म्हणजे डेटाबेस मुळात २००० च्या काळातला असेल, तर मात्र ती १०० वर चढवली जाईल आणि दोन तक्त्यांच्या जोडणीसाठी तारांकन-बरोबर (*=) हे चिन्ह वापरणाऱ्या त्या काळच्या क्वेरी बंद पडतील. सोर्स कोड हाती नसल्यामुळे हे आधी प्रतीवर पडताळणे अत्यावश्यक आहे. सॉफ्टवेअर ‘एसए’ व्यतिरिक्त दुसऱ्या लॉगिनने जोडले जात असेल, तर रिस्टोअरनंतर डेटाबेसमधील युजर आणि नव्या सर्व्हरवरील लॉगिन यांची सांगड तुटलेली आढळेल. ‘ऑल्टर युजर’ ने ती पुन्हा घालता येते.

गुऱ्हाळ_ते_काटा

मी वजनकाट्यांची सॉफ्टवेअर सांभाळतो. एक मुद्दा राहून गेला आहे असे वाटते. आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचे नाव बदलण्याची सोय आहे का? अनेक जुन्या प्रोग्राममध्ये ‘एसक्यूएलएक्सप्रेस’ हे नाव आतच पक्के लिहिलेले असते. तसे असल्यास प्रत्येक संगणकावर एसक्यूएल क्लायंटचे अलियास, म्हणजे पर्यायी नाव, तयार करावे : अलियास म्हणून जुने पूर्ण नाव, आणि त्याचे गंतव्य म्हणून सर्व्हरचे नाव व १४३३१ हा पोर्ट. प्रोग्राम जुन्याच नावाने हाक मारतो आणि पोहोचतो नव्याकडे.

येथे मी स्वतः एक पूर्ण दिवस घालवलेला आहे. चौसष्ट बिट विंडोजमध्ये अलियासच्या दोन वेगळ्या नोंदी असतात. अलियास करण्याचा विंडोजमधील ‘क्लायकॉन्फिग’ हा प्रोग्राम नेहमीप्रमाणे उघडला तर चौसष्ट बिटची नोंद होते, आणि २०१० चा प्रोग्राम बहुधा बत्तीस बिटचा असल्यामुळे तो ती पाहतच नाही. विंडोजच्या ‘सिसवॉव६४’ या फोल्डरमधला ‘क्लायकॉन्फिग’ बत्तीस बिटचा आहे, नाव कितीही उलटे वाटले तरी. अलियास तिथे करा.

उद्यमनगर_हिशेब

उशिरा लिहीत आहे, परंतु सर्व पूर्ण झाल्यावरच लिहायचे ठरवले होते. पोर्ट ठरवून दिल्यावर तपासणी विभागाचा संगणक लगेच जोडला गेला. लेव्हल १०० निघाली. पहिल्या सुट्टीच्या दिवशी प्रत रिस्टोअर करून आम्ही एका संगणकावरून मागील महिन्यातील चाळीस चलने काढून कागदावरच्या स्थळप्रतींशी ताडून पाहिली आणि वर्षअखेरीचा रिजेक्शन अहवालही काढला. अहवाल उघडेना. युजरची सांगड तुटलेली होती, ती सूचनेप्रमाणे घातल्यावर उघडला.

दुसऱ्या सुट्टीला प्रत्यक्ष बदल केला. नाव खरोखरच प्रोग्राममध्ये पक्के लिहिलेले होते. पाचही संगणकांवर बत्तीस बिटचे अलियास केले, जुना डेटाबेस आधी ‘रीड-ओन्ली’ केला, मग शेवटचा बॅकअप घेतला. एका संगणकावर अलियास करताना पोर्टचा एक आकडा चुकला होता, ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला कळले आणि दहाच्या आत दुरुस्तही झाले. पहिली गाडी वेळेवर गेली. दोन्ही डेटाबेसचे बॅकअप रात्री आठला होतात आणि एक प्रत मी घरी नेतो.

एकच प्रश्न उरला आहे. जुना इन्स्टन्स आता काढून टाकावा का?

राजारामपुरी_डेटाबेस

लगेच काढू नका. सर्व्हिस थांबवून तिचा प्रकार ‘डिसेबल्ड’ करा, म्हणजे संगणक पुन्हा सुरू झाला तरी ती उठणार नाही. महिनाअखेरीचे सर्व अहवाल नव्यावरून एकदा निघू द्या. त्यानंतर काढताना विंडोजच्या यादीतील २००८ च्या नोंदीवरून जाऊन विझार्डमध्ये केवळ ‘एसक्यूएलएक्सप्रेस’ हा इन्स्टन्स निवडा आणि सामाईक घटकांच्या चौकटींना हात लावू नका. जुने फोल्डर आणि त्यातील ‘एमडीएफ’ फाइल आधी दुसरीकडे उतरवून घ्या. ती फाइल उघडण्याची वेळ आलीच, तर २०१९ इन्स्टन्सवर तिची प्रत जोडता येईल, मूळ फाइल नव्हे.